नारळ फोडण्याआधीचे दिवस

२७ ऑक्टोबर १९५२. पालसिटच्या माळावर काशाची पांढरी फुलं वाऱ्यावर डोलत होती. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाला इथूनच सुरुवात केली. प्रसंग होता अपू आणि दुर्गा काशवनातून आगगाडी बघायला जातात तो. मंडळी नोकऱ्या सांभाळून काम करणारी, त्यामुळे राहिलेला भाग पुढच्या रविवारी उरकायचं ठरलं. रविवारी युनिट पोचलं तेव्हा माळावर फुलं नव्हती. मधल्या आठवड्यात गायींनी रान फस्त केलं होतं. काश फुलतो शरदात, म्हणून तो प्रसंग पुरा व्हायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट सांगितली, तर पहिल्या बाकावरचा विद्यार्थी लगेच म्हणेल की जोखमींची यादी केली नव्हती. बरोबरच आहे त्याचं. पण राय यांनी पुढे स्वतःच सांगितलेली यादी ऐकली की तो थोडा गप्प होईल. पैशाअभावी थांबत थांबत काम चाललं, आणि तेवढ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा वयानं मोठी दिसू लागली नाही आणि इंदिर ठाकरुण झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी हयात राहिल्या. हे तीन चमत्कार घडले म्हणून चित्रपट झाला, असं राय म्हणत. अखेर पश्चिम बंगाल सरकारनं पैसा दिला तोही रस्तासुधारणेच्या खात्यातून. असा चित्रपट कुठल्या तक्त्यात बसवायचा?

कारखाने, पूल आणि पाणबुड्या बांधताना तयार झालेल्या प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धती चित्रपटाला लागू पडतात का, हा वाद तसा जुना आहे. एका बाजूला तक्तेवाले. ते म्हणतात, चित्रपट हाही ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात पुरा करायचा प्रकल्पच आहे. दुसऱ्या बाजूला मूडवाले. त्यांच्या मते तक्ता आला की सिनेमा मेला. मला दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या दिसतात. दोघंही धरून चालतात की व्यवस्थापन ही बाहेरून आणलेली वस्तू आहे. खरं तर सिनेमानं स्वतःची पद्धत फार लवकर, स्वतःच्या गरजेतून घडवली. ती कुठे चालते आणि कुठे मोडते, हे पाहिलं तर वादातला बराच धूर विरतो.

फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ मध्ये आलं. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते त्याच दशकातले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात थॉमस इन्स हा निर्माता एका वेळी अनेक युनिटं चालवत होता. सगळीकडे स्वतः हजर राहणं अशक्य, म्हणून त्यानं पटकथेलाच हुकूमनामा केलं. प्रत्येक दृश्य क्रमांकासह लिहिलेलं, कुठलं कुठे घ्यायचं याची यादी सोबत जोडलेली. दिग्दर्शकाच्या डोक्यातला चित्रपट कागदावर उतरला आणि मग त्याची वाटणी करता आली, किंमत काढता आली. ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत ड्यू पाँट कंपनीत १९५७ मध्ये आली, पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी अमेरिकन नौदलाची ‘पर्ट’ १९५८ मध्ये, आणि प्रकल्प व्यवस्थापकांची अमेरिकेतली संस्था १९६९ मध्ये. म्हणजे या शास्त्राला नाव मिळालं तेव्हा सिनेमावाले चाळीसेक वर्षं हेच काम नाव न घेता करत होते.

त्यांची पद्धत म्हणजे ब्रेकडाउन आणि पट्ट्या. पटकथा पक्की झाली की प्रत्येक पानाचे आठ भाग कल्पून सीन मोजतात. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा ठोकताळा. मग सीनगणिक याद्या निघतात: कोण कलाकार, किती ज्युनियर आर्टिस्ट, कुठली प्रॉपर्टी, कपडे कोणते, गाडी आहे का, बैल आहे का, पाऊस आहे का. एका सीनची एक रंगीत पट्टी. दिवसाचा आतला सीन पांढरा, दिवसाचा बाहेरचा पिवळा, रात्रीचा आतला निळा, रात्रीचा बाहेरचा हिरवा, असा रूढ संकेत. पूर्वी पुठ्ठ्याच्या पट्ट्या लाकडी पाटात सरकवत, आता ‘मूव्ही मॅजिक’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये सरकवतात. खेळ तोच आहे, पट्ट्या हलवत राहायचं.

या खेळात नेमकी कसली जुळवाजुळव असते ते एका कल्पित उदाहरणानं सांगतो. समजा, वाईच्या एका वाड्यात चित्रीकरण आहे. आजीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीच्या सहा तारखा मिळाल्यात, त्यातला रविवार नाटकाच्या प्रयोगाला गेला. ओसरीवरचे सीन सकाळच्या उन्हातच हवेत. नातू झालेल्या मुलाची सहामाही परीक्षा तोंडावर आहे. वाड्याचे मालक गणपतीत वाडा देणार नाहीत. आणि कथेत नातवाची मुंज आहे. एकदा पोराचं डोकं भादरलं की मागचे सगळे केसवाले सीन संपलेले असलेच पाहिजेत. विगवर विसंबायचं तर जवळून चित्रण विसरा.

यातली एकटी मुंज ‘क्रिटिकल पाथ’वाल्यांच्या ओळखीची अडचण आहे. अमुक झाल्याशिवाय तमुक नाही. पाया भरल्याशिवाय भिंत नाही, तसं. बाकीच्या अडचणी निराळ्या जातीच्या आहेत. सीन कुठल्याही क्रमानं घेता येतात, अडतं ते माणसं आणि जागा एकाच वेळी एका ठिकाणी आणण्यात. सेटवर यालाच कॉम्बिनेशन डेट्स म्हणतात, आणि निर्मिती पाहणाऱ्या माणसाची झोप याच शब्दानं उडते. अभियांत्रिकीतले जाळीदार आराखडे शूटिंगला जसेच्या तसे लावले की हास्यास्पद होतात ते म्हणून. एका हौशी निर्मात्यानं बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये शूटिंगचं वेळापत्रक बसवलेलं मी पाहिलंय. दीडशे बाण, आणि नायिकेची तारीख बदलल्यावर दीडशेही खोटे!

याच चित्रपटाच्या दुसऱ्या टप्प्यांत मात्र तेच बाण सोन्यासारखे ठरतात. सेटची उभारणी घ्या. सुतारकाम, प्लास्टर, रंग, वायरिंग, सजावट हे क्रमानंच होणार. चित्रीकरणानंतरचं काम तर शुद्ध साखळी आहे. संकलन गोठल्याशिवाय पार्श्वसंगीत मोजून बांधता येत नाही, व्हीएफएक्सच्या शॉटची लांबी ठरत नाही, ध्वनिमिश्रण सुरू होत नाही, आणि ते झाल्याखेरीज सेन्सॉरकडे प्रत जात नाही. प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असते, म्हणून इथे तक्ता उलटा, शेवटाकडून मागे मांडायचा. आपल्याकडे वेळेचा खरा घोटाळा बहुधा याच टप्प्यात होतो, कारण शूटिंग आटोपलं की युनिट पांगतं आणि रोजचा हिशेब मागणारं कोणी उरत नाही. सेटवर पाच मिनिटांसाठी ओरडणारा निर्माता संकलनाचे तीन आठवडे वाया जाताना चहा पीत असतो.

मोजमापाचीही अशीच गंमत आहे. झालेलं काम, गेलेला पैसा आणि व्हायला हवं होतं ते काम यांची तुलना करायची, ही प्रकल्पशास्त्रातली लाडकी रीत. सिनेमात तिचं घरगुती रूप म्हणजे रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट: पहिला शॉट किती वाजता लागला, जेवणाची सुट्टी कधी झाली, पॅकअप कधी, किती पानं झाली, किती राहिली. उपयुक्त कागद आहे, पण पानं फसवी असतात. ‘गावात दंगल उसळते’ हे तीन शब्द पानाचा आठवा भागही घेत नाहीत आणि दोन रात्री खातात. उलट दोन माणसांचा स्वयंपाकघरातला तीन पानी संवाद अर्ध्या दिवसात होऊ शकतो. जाणता सहायक दिग्दर्शक म्हणून पानांना मनातल्या मनात वजन लावतो. हे वजन कुठल्या पुस्तकात मिळत नाही, चार चित्रपट केल्यावर अंगात येतं.

आता आपल्या घराकडे वळू. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न भांडवलाचा होता. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर वाढताना रोज थोडा थोडा टिपला. ती चिमुकली फिल्म पाहून यशवंत नाडकर्णी यांनी पैसे दिले. आज ज्याला ‘प्रोटोटाइप’ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? सगळ्यात मोठी शंका म्हणजे हे चित्र हलेल का, आणि तिचं उत्तर त्यांनी सगळ्यात कमी खर्चात आधी काढून घेतलं. ‘राजा हरिश्चंद्र’ला ६ महिने २७ दिवस लागले आणि सुमारे ३,७०० फूट फिल्म तयार झाली. विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. सरस्वतीबाई युनिटचं जेवण रांधत, फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, फिल्म धुवायला मदत करत. निर्मिती व्यवस्थापक, लॅब आणि स्पॉट या तिन्ही खात्यांचा भार ज्या बाईनं उचलला तिला आजच्या श्रेयनामावलीत कुठल्या पदाखाली बसवायचं, हा मला अजून न सुटलेला प्रश्न आहे.

फाळक्यांच्या कहाणीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९१८ मध्ये भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. थोड्याच काळात खर्चावरून आणि कारभारावरून खटके उडू लागले आणि फाळके राजीनामा देऊन काशीला निघून गेले. पुढे परतले, पण तोवर फट पडली होती. खर्चाचा शेवटचा शब्द कोणाचा, पैसा घालणाऱ्याचा की चित्र डोळ्यांपुढे दिसणाऱ्याचा, हे आधी ठरलेलं नव्हतं. पुढच्या शंभर वर्षांत बुडालेल्या बहुतेक चित्रपटांची नाव याच खडकावर फुटलेली दिसते.

‘प्रभात’नं हा खडक एका युक्तीनं टाळला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झालेल्या या कंपनीत दिग्दर्शक, कलादिग्दर्शक, ध्वनी पाहणारे हे स्वतःच मालक होते. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे आपापल्या खात्याचे जाणकार आणि नफ्यातोट्याचे वाटेकरीही. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली, तिथे स्वतःचा स्टुडिओ, प्रयोगशाळा, कलाकार-कामगार मासिक पगारावर. पगारी कलाकार असला की तारखांचा प्रश्नच मिटतो. शिवाय ‘अयोध्येचा राजा’पासून एकाच सेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या. सेट तोच, कपडे तेच, प्रकाशयोजना तीच, फक्त भाषा बदलायची. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ हे सगळं त्याच रीतीचं. खर्च आणि बाजारपेठ यांचं याहून शहाणं गणित नंतर मराठीत फारसं कोणी मांडलं नाही, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओ ढासळले. पगारी कलाकार फ्रीलान्स झाले, युद्धकाळातला काळा पैसा सिनेमात शिरला आणि नायकाची डायरी हेच उद्योगाचं पंचांग झालं. एकेक नट एका वेळी बऱ्याच चित्रपटांत. सकाळची शिफ्ट इथे, दुपारची तिथे. पैसा हप्त्यानं येणार, म्हणून काम हप्त्यानं होणार, आणि काम रखडलं म्हणून व्याज वाढणार. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ चाळिसाच्या दशकात सुरू होऊन एकदा मोडला, पुन्हा मांडला आणि १९६० मध्ये पडद्यावर आला. कमाल अमरोहींचा ‘पाकीजा’ १९५६ मध्ये सुरू झाला आणि १९७२ मध्ये लागला. मधल्या काळात तंत्र बदललं, अमरोही आणि नायिका मीनाकुमारी हे नवराबायको वेगळे झाले, आणि प्रदर्शनानंतर दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारी गेल्या. हे दोन चित्रपट मूडवाले नेहमी पुराव्याला आणतात. पण त्यांच्या मागे डब्यात राहिलेल्या, कधीच पुऱ्या न झालेल्या चित्रपटांची रांग आहे. तिच्यावर लेख लिहिले जात नाहीत, कारण ती कोणी पाहिलेलीच नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो ‘लगान’नं. सरकारनं चित्रपटाला उद्योगाचा दर्जा १९९८ मध्ये दिला, बँकांचं दार किलकिलं झालं. २००० च्या सुरुवातीला आशुतोष गोवारीकर आणि निर्माता आमिर खान सगळं युनिट घेऊन भुजला गेले ते एकाच सलग शेड्यूलमध्ये चित्रपट पुरा करायला. कलाकारांनी दुसरी कामं घ्यायची नाहीत. आवाज जागेवरच टिपायचा, म्हणजे सेटवर शिस्त नसेल तर शॉटच मिळणार नाही. आणि फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर म्हणून अपूर्व लाखिया. हे पद आपल्याकडे नावाला होतंच, पण इथे त्याला अधिकार मिळाला. सेटवरचं घड्याळ त्याच्या हाती, दिग्दर्शकानं फक्त दृश्य पाहायचं. क्रिकेटच्या सामन्यासाठी आसपासच्या गावांतून सुमारे दहा हजार माणसं एका दिवसासाठी आणायची, त्यांचं पाणी, जेवण, कपडे, परतीच्या गाड्या, आणि त्या गर्दीचे सगळे शॉट उन्हं उतरायच्या आत. मध्येच गोवारीकरांची पाठ धरली. ते खाटेवर पडून मॉनिटरसमोर दिग्दर्शन करत राहिले आणि युनिट थांबलं नाही. सत्यजित भटकळ यांच्या ‘चले चलो’ या माहितीपटात हे सगळं आहे. वेळापत्रक तिथेही लांबलंच, पण कुठे आणि किती लांबतंय हे रोज माहीत होतं. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे.

आता परदेशातल्या तीन प्रसिद्ध घसरगुंड्यांकडे बघू. वरकरणी सारख्या दिसतात, पण तिघींचं कारण वेगळं आहे.

स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज’ ५५ दिवसांत उरकायचा होता, लागले १५९. खर्च ४० लाख डॉलरवरून सुमारे ९० लाखांवर गेला. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात चालेना. हा तंत्राचा अंदाज चुकल्याचा प्रकार. न चालणारा शार्क दाखवता येईना म्हणून स्पीलबर्गनं तो लपवला आणि भीती वाढली, ही कथा आता दंतकथेइतकी घासून झालीय. पण तिच्यावरून ‘अडचण आली की कला फुलते’ असा नियम काढणारे विसरतात, की लपवाछपवीला उपयोगी पडणारं संगीत, संकलन आणि पटकथा तिथे होती.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ म्हणजे बाहेरच्या संकटांची माळ. फिलिपाइन्समध्ये मार्च १९७६ मध्ये काम सुरू झालं. थोड्याच दिवसांत मुख्य नट बदलला, मे महिन्यात वादळानं सेट उद्ध्वस्त केले, पुढच्या मार्चमध्ये त्याच्या जागी आलेल्या मार्टिन शीनला हृदयविकाराचा झटका आला. एकूण २३८ दिवस चित्रीकरण. तरी कोपोलानं स्वतःची मालमत्ता तारण ठेवली होती, म्हणजे धोका आणि निर्णय एकाच माणसाकडे होते. आणि चित्रपटाचा शेवट काय, हे सेटवर पोचेपर्यंत ठरलेलं नव्हतं, हेही विसरू नये. शेवट शोधायला लेखणी-कागदाचा खर्च येतो काही रुपये, तोच शोध हेलिकॉप्टरं उभी ठेवून घेतला की घर गहाण पडतं.

तिसरा मायकेल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’. याचा दोष फक्त दिग्दर्शकाच्या हट्टावर टाकतात, पण मला तो युनायटेड आर्टिस्ट्सच्या कार्यालयाचाही वाटतो. चित्रीकरणाच्या पहिल्या सहा दिवसांतच काम पाच दिवस मागे पडलं होतं. आकडा टेबलावर होता. अहवाल येत होते, पण अहवाल पाहून थांबवण्याची हिंमत किंवा अधिकार कोणाकडे नव्हता. सुमारे एक कोटी सोळा लाख डॉलरचं अंदाजपत्रक चार कोटी चाळीस लाखांपर्यंत गेलं, १९८० मध्ये चित्रपट पडला, आणि पुढच्या वर्षी ती नामांकित कंपनी एमजीएमला विकली गेली. आज काही समीक्षक चित्रपटाची बाजू घेतात. घ्यावीही. कंपनीची बाजू घ्यायला मात्र कोणी उरलं नाही.

या तिसऱ्या रोगावर इंग्लंडमध्ये एक औषध आधीच निघालं होतं. १९५० मध्ये लंडनला ‘फिल्म फायनान्सेस’ ही कंपनी सुरू झाली. तिचा धंदा पूर्ततेच्या हमीचा. निर्माता ठराविक शुल्क भरतो, कंपनी बँकेला शब्द देते की चित्रपट पुरा होईल, जादा खर्च आम्ही सोसू. बदल्यात पटकथा, अंदाजपत्रक, वेळापत्रक आधी तपासणार, अंदाजपत्रकात अडीअडचणीसाठी साधारण दहा टक्के राखीव ठेवायला लावणार, रोजचे अहवाल मागवणार आणि गाडं फारच घसरलं तर निर्मितीचा ताबा घेणार. ‘द आफ्रिकन क्वीन’ अशाच हमीवर झाला, पहिला बाँडपट ‘डॉ. नो’ही. हमी देणाऱ्याला अहवाल वाचावाच लागतो, कारण पैसा त्याचा जाणार असतो. आपल्याकडे राखीव रक्कम ही पहिल्याच आठवड्यात ‘सापडलेले पैसे’ म्हणून खर्चायची वस्तू आहे.

गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअरवाल्यांची ‘अजाइल’ पद्धत सिनेमात आणायची टूम आहे. २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला: थोडं करा, दाखवा, सुधारा, पुन्हा करा. सेटवर हे चालणार नाही. शंभर माणसं, जनरेटर आणि भाड्याचे लाइट उभे करून ‘करून बघू’ म्हणणं म्हणजे कोपोलाच्या वाटेनं जाणं. पण त्याच पद्धतीचा जीव ‘पिक्सार’मध्ये बघा. तिथे चित्रपट आधी रेखाटनांच्या रीळवर उभा राहतो, तात्पुरत्या आवाजांसह. सहकारी दिग्दर्शक तो पाहून फाडून काढतात, पुन्हा नवं रीळ. रेखाटन स्वस्त, म्हणून चूकही स्वस्त. ‘टॉय स्टोरी २’ची गोष्ट पसंत पडेना तेव्हा ती उखडून नऊ महिन्यांत नव्यानं केली आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लावली. चित्रपट उत्तम झाला. त्या नऊ महिन्यांत अनेकांचे मनगट-खांदे निकामी व्हायची वेळ आली, हे ‘पिक्सार’चे एक संस्थापक एड कॅटमुल यांनीच लिहून ठेवलंय. तक्त्यात माणसाच्या मनगटाला रकाना नसतो.

तेव्हा मूडला जागा कुठे, याचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे: लेखनात, वाचनात, तालमीत, लोकेशनच्या रेकीत, मोबाइलवर काढलेल्या कच्च्या सीनमध्ये आणि नंतर संकलनाच्या टेबलावर. तिथे माणसं चार आणि मीटर बंद असतो. नारळ फुटला की मीटर पडतो. मराठी निर्माते नेमकी इथेच काटकसर करतात. पटकथेला महिना, तालमीला दोन दिवस, पण मुहूर्त मात्र ठरलेल्या तारखेलाच. मग उरलेला विचार सेटवर, जनरेटरच्या घरघरीत.

या सगळ्यात एक कोडं राहतं. एकमेकांना न ओळखणारी पन्नास-शंभर माणसं सोमवारी सकाळी गोळा होतात आणि दुपारपर्यंत जुन्या तालमीतल्यासारखी काम करतात, हे कसं? १९९६ मध्ये मायरसन, वाइक आणि क्रेमर या अभ्यासकांनी अशा तात्पुरत्या गटांतल्या विश्वासाला ‘झटपट विश्वास’ असं नाव दिलं. माणूस ओळखीचा नसला तरी त्याचं पद ओळखीचं असतं. समाजशास्त्रज्ञ बेथ बेकी यांनी चित्रपटांच्या सेटवर प्रत्यक्ष राहून २००६ मध्ये दाखवलं, की ही पदंही कागदावर नसतात. ती आभार, थट्टा आणि सौम्य कानपिचक्या यांतून रोज घडवली जातात. मुंबईतल्या सेटवर गेलेल्या कोणालाही हे पटेल. लाइटदादा, स्पॉटदादा ही हाक म्हणजे निव्वळ लाडीगोडी नव्हे. त्या ‘दादा’त माणसाचं खातं, त्याची ज्येष्ठता आणि त्याला कामाला लावण्याची नेमकी रीत सगळं असतं. नव्या सहायकानं ‘ए’ म्हणून हाक मारली की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

मराठीत हे शास्त्र सगळ्यात कसोटीला लागतं ते चित्रपटात नव्हे, दैनंदिन मालिकेत. मी एका मालिकेच्या युनिटमध्ये काही महिने सहायक म्हणून काढले. तिथला परवलीचा शब्द ‘बँक’. पुढचे किती भाग तयार पडलेत, ती बँक. बँक आठ-दहा भागांची असली की सेटवर हसणं-खिदळणं, दोनवर आली की रात्री अकरालाही पॅकअप नाही, आणि कधी तर सकाळी घेतलेला सीन रात्री घराघरात. कोठारात धान्य किती यावर शेतकरी पाऊस मोजतो, तसं कार्यकारी निर्माता बँक मोजतो. मुख्य कलाकाराला शनिवार-रविवार नाटक असतं, शुक्रवारी रात्री बस कोल्हापूरला निघणार असते, म्हणून शुक्रवारची दुपार सोन्याच्या भावाची. पाटीवर पट्ट्या नव्हत्या, वही होती, आणि ती वही सांभाळणारी मुलगी एकटीच सगळं जाणत होती. ती तापानं झोपली त्या दिवशी आम्ही एकाच सीनमध्ये मंगळसूत्र दोन तऱ्हेचं दाखवलं. पुढे पॅच शूट करून ते निस्तरलं.

२०२० च्या टाळेबंदीत ही बँक सगळ्यांचीच रिकामी झाली आणि वाहिन्यांवर जुने भाग आले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण पुन्हा थांबलं, तेव्हा अनेक मालिकांनी चार-सहा दिवसांत बिऱ्हाडं गोव्याला, दमण-सिल्वासाला, हैदराबादला हलवली. कथानकातली मंडळी एकाएकी सहलीला किंवा कुठल्याशा बंगल्यात राहायला गेली. मे महिन्यात गोव्यानंही चित्रीकरण बंद केलं आणि पुन्हा गाठोडी बांधावी लागली. इतक्या वेगानं लेखक, कलाकार, कपडे, कॅमेरे हलवणाऱ्या या निर्मिती खात्यांना नियोजन येत नाही असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

त्यांना नियोजन येतं, मिळत नाही तो अधिकार. ज्यानं शेड्यूल बांधलं त्याला ‘आज हा सीन होणार नाही, दोन सीन कापा’ असं म्हणता येत नाही. पैसा हप्त्यानं येत असेल तर आठवडाभराचं वेळापत्रकही शुभेच्छापत्रासारखं असतं. सॉफ्टवेअर घेऊन हे बदलत नाही.

आणि अधिकाराच्या या प्रश्नाची किंमत कधी कधी पैशात मोजता येत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ नावाच्या चित्रपटाचं युनिट रेल्वेच्या पुलावर चित्रीकरणाला उतरलं. रेल्वे कंपनीची परवानगी नव्हती. गाडी आली आणि कॅमेरा खात्यातल्या एका तरुण सहायिकेचा जीव गेला. दिग्दर्शकाला तुरुंगवास झाला, फर्स्ट असिस्टंट डायरेक्टरही दोषी ठरली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायालेखिका गेली. त्याच सकाळी कॅमेरा खात्यातली काही मंडळी कामाच्या परिस्थितीवर नाराज होऊन सेट सोडून गेली होती. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर क्रेन कोसळून तीन जण दगावले.

कॉलशीट नावाचा कागद आदल्या संध्याकाळी सगळ्यांना मिळतो. त्यावर कोणी किती वाजता यायचं, सूर्योदय-सूर्यास्त, जवळचं रुग्णालय कुठलं, हे छापायची परदेशात रीत आहे. आपल्याकडे हल्ली ती व्हॉट्सअॅपवर येते. माझ्या त्या मालिकेच्या कॉलशीटवर गाडीचा नंबर असे, नाश्त्याची वेळ असे, कोणत्या सीनला कुठली साडी तेही असे. रुग्णालयाचा रकानाही छापील नमुन्यात होता. तो कधी भरलेला मी पाहिला नाही.